कॅमेरा बोटीत बसतो तेव्हा

'कॅसाब्लांका' पाहताना हम्फ्री बोगार्ट आणि इन्ग्रिड बर्गमन यांच्यावरून नजर हलत नाही. तरीही हा सिनेमा एकदा त्या दोघांना सोडून पाहावा. बोगार्टने साकारलेल्या रिकच्या कॅफेतली मागची टेबलं पाहावीत, जुगाराचं चाक फिरवणारा माणूस पाहावा, गुबगुबीत गालांचा वेटर पाहावा. हिटलरच्या युरोपातून निसटलेली माणसं मोरोक्कोतल्या कॅसाब्लांका शहरात अडकून पडली आहेत आणि अमेरिकेला जाण्याच्या एका कागदासाठी दिवस काढत आहेत, अशी ही १९४२ सालच्या सिनेमाची गोष्ट. चित्रीकरण झालं ते कॅलिफोर्नियात, वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत. पण पडद्यावरच्या त्या निर्वासितांपैकी कितीतरी जण खरोखरचे निर्वासित होते!

चाक फिरवणारा मार्सेल दालिओ हा फ्रेंच सिनेमातला नावाजलेला ज्यू नट. १९४० साली जर्मन फौजा पॅरिसवर चालून आल्या तेव्हा तो तरुण पत्नी मादलेन लेबो हिला घेऊन बाहेर पडला, लिस्बनला पोचला, बोटीत बसला, आणि पुढे कळलं की हातातले व्हिसा बनावट आहेत. इकडे पॅरिसमध्ये नाझींनी 'ज्यू कसा ओळखावा' हे लोकांना शिकवण्यासाठी त्याचाच चेहरा भित्तिपत्रकांवर छापला. लेबोही या सिनेमात आहे. रिकने झिडकारलेली इव्हॉन ती हीच. वेटर झालेला एस. झेड. साकाल बुडापेस्टचा. त्याच्या तीन बहिणी छळछावणीत मेल्या. व्हिसाच्या पैशांसाठी जुगार खेळणारा कोवळा नवरा म्हणजे हेल्मुट डँटीन. ऑस्ट्रियातला हा नाझीविरोधी तरुण स्वतः नाझींच्या कैदेतून सुटून आला होता. आणि ज्याच्याकडे पाहून प्रेक्षकाचं रक्त तापतं, तो नाझी मेजर स्ट्रासर? तो कॉनराड फाइट. नाझींचा कट्टर विरोधक, ज्यू पत्नीसह १९३३ साली जर्मनी सोडून निघालेला. सिनेमाला अस्सल जर्मन उच्चार हवे होते आणि तसे उच्चार असलेले हॉलिवुडमधले बरेच नट नाझींपासून पळून आलेलेच होते. अशा तऱ्हेने छळणाऱ्याची वर्दी छळलेल्याच्या अंगावर चढली.

कॅफेत जर्मन अधिकारी आपलं गाणं म्हणू लागतात आणि त्यांना उत्तर म्हणून सगळा कॅफे उठून फ्रान्सचं राष्ट्रगीत गातो, हा प्रसंग जगभर गाजला. दारवानाचं काम करणाऱ्या डॅन सीमूरने नंतर सांगितलं, की चित्रीकरण चालू असताना त्याने मान वर करून पाहिलं तर आजूबाजूचे निम्मे नट खरोखर रडत होते. लेबोच्या गालांवरचे अश्रू कॅमेऱ्याने टिपले आहेत. तिचं पॅरिस तेव्हा जर्मनांच्याच ताब्यात होतं.

मला हे अजूनही चमत्कारासारखं वाटतं. पण या चमत्कारात एक उणीव आहे, आणि ती समजून घेतली की निर्वासितांवरच्या सगळ्या सिनेमाची गुरुकिल्ली हाती लागते. 'कॅसाब्लांका'त कॅमेरा कोणाबरोबर आहे? रिकबरोबर. एका अमेरिकन कॅफेमालकाबरोबर. निर्वासित आहेत ते कडेच्या टेबलांवर. गोष्ट त्यांच्या संकटाची असली, तरी निर्णय घेणारा, मन बदलणारा, त्याग करणारा माणूस दुसराच आहे. गेल्या ऐंशीहून अधिक वर्षांत सिनेमा त्या कडेच्या टेबलापर्यंत कसा पोचला, तिथे बसला आणि शेवटी टेबलावरच्या माणसाच्याच हाती कॅमेरा कसा गेला, ही फार विलक्षण वाटचाल आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या मोजणीनुसार, २०२४च्या अखेरीस युद्ध, छळ आणि हिंसाचार यांमुळे घर सोडावं लागलेल्यांची संख्या १२ कोटींच्या वर होती. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आत होती. म्हणजे आपल्या आख्ख्या राज्याहून मोठा जनसमुदाय. एवढी माणसं पडद्यावर कशी दाखवायची? चिनी कलाकार आय वेवे यांनी 'ह्यूमन फ्लो' (२०१७) या माहितीपटात तो प्रयत्न केला. २३ देशांत ते फिरले आणि ड्रोनमधून त्यांनी छावण्या दाखवल्या. वरून दिसणारी तंबूंची ती नक्षी डोळे दिपवते. पण मन हलतं ते ड्रोन खाली येतो आणि कोणीतरी मान वर करून त्याच्याकडे पाहतं तेव्हाच.

असं का होतं, याचं उत्तर मानसशास्त्राकडे आहे. पॉल स्लोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची माहिती आणि फोटो देऊन मदत मागितली. काहींना आफ्रिकेत लाखो लोक उपाशी आहेत याची आकडेवारी दिली. रोकियाला कितीतरी जास्त पैसे मिळाले. यात नवल नाही. नवल पुढे आहे. तिसऱ्या गटाला रोकियाचा फोटोही दिला आणि आकडेवारीही दिली, तर मदत घटली! आकड्याने कणव वाढली नाही, उलट ती विरून गेली. आपलं मन एका चेहऱ्यासाठी तुटतं. लाखाचा आकडा ऐकला, की ते हात टेकतं.

हे गणित सिनेमाला प्रयोगाच्या कितीतरी आधीपासून उमगलेलं आहे. म्हणून निर्वासितांवरच्या इतक्या सिनेमांत एक मूल असतं. लेबनॉनच्या नादिन लबाकी यांच्या 'कॅपरनॉम'मध्ये (२०१८) बैरुतच्या गल्ल्यांत भटकणारा, बारा-एक वर्षांचा झैन आहे. आपल्याला जन्माला घातलं म्हणून तो आईवडिलांवरच खटला भरतो. हे काम करणारा झैन अल रफिया हा सीरियातल्या दारामधून पळून आलेल्या कुटुंबातला मुलगा. त्याने कधी अभिनय केला नव्हता. इथेही 'कॅसाब्लांका'सारखंच माणूस आणि भूमिका यांच्यातलं अंतर संपलं, आणि भयंकर रीतीने संपलं. कागदपत्रं नसलेल्या इथिओपियन कामवाल्या बाईचं काम योर्दानोस शिफेरॉ हिने केलं. सिनेमात त्या बाईला पोलीस पकडून नेतात. हे दृश्य चित्रित झालं आणि त्यानंतर लवकरच योर्दानोसला खऱ्या पोलिसांनी, खरोखर कागदपत्रं नाहीत म्हणून अटक केली. लबाकींच्या माणसांनी खटपट करून तिला सोडवलं. कान महोत्सवात सिनेमाला ज्युरी पुरस्कार मिळाला. पुढे झैनच्या कुटुंबाचं नॉर्वेत पुनर्वसन झालं आणि तो शाळेत जाऊ लागला.

मायकल विंटरबॉटम यांच्या 'इन धिस वर्ल्ड'ची (२००२) कहाणी तर याहून चक्रावणारी आहे. २००० साली इंग्लंडच्या डोव्हर बंदरात ट्रकच्या बंद पेटाऱ्यात गुदमरून ५८ चिनी स्थलांतरितांचा मृत्यू झाला. त्यातून विंटरबॉटमना हा सिनेमा सुचला. पेशावर परिसरातले दोन अफगाण तरुण त्यांनी निवडले. त्यांना इराण, तुर्कस्तान, इटलीमार्गे लंडनपर्यंतचा तो बेकायदा प्रवास कॅमेऱ्यासमोर करायला लावला. त्यांतला जमाल चित्रीकरण आटोपून परत गेला आणि पुढे खरोखरच लंडनला येऊन त्याने आश्रय मागितला. अर्ज नामंजूर झाला, पण वयामुळे मुदतीपुरती राहायची परवानगी मिळाली. मुदत किती? अठरावा वाढदिवस उजाडायच्या आदल्या दिवसापर्यंत. हे वाक्य सिनेमाच्या शेवटी पडद्यावर येतं, आणि आपण आत्तापर्यंत नेमकं काय पाहिलं, सिनेमा की तालीम, असा प्रश्न पडतो. या सिनेमाला बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं.

मुलाच्या चेहऱ्याची ही ताकद मी मानते, पण तिची भीतीही वाटते. निरागस मूल पाहून पाझरणारं मन चाळिशीतल्या, दाढी वाढलेल्या, चिडलेल्या निर्वासितासाठी पाझरेल याची खात्री नाही. आंतरराष्ट्रीय कायद्यात, निर्वासितांविषयीच्या १९५१च्या करारात, गोंडस असणं ही आश्रयाची अट नाही. मग चेहरा न दाखवताही हे दुःख दाखवता येतं का?

येतं. ऋत्विक घटकांनी १९६१ सालीच ते करून ठेवलं आहे. घटक ढाक्यात जन्मलेले. फाळणीने त्यांचं बालपणीचं घर परदेशात गेलं आणि ती जखम त्यांनी आयुष्यभर वागवली. 'कोमल गांधार'मध्ये एका नाटकमंडळीतले दोघे पद्मा नदीच्या काठी उभे आहेत. पलीकडचा काठ पूर्व पाकिस्तान. पूर्वी इथून गाडीने घरी जाता येत असे. आता रूळ नदीच्या अलीकडेच एका अडथळ्याशी संपतात. दोघांचं बोलणं होतं, आणि मग अचानक कॅमेरा स्वतःच आगगाडी होतो. रुळांवरून तो वेगाने धावत सुटतो. मागे नावाड्यांच्या आर्त हाका चढत जातात. रूळ अंगावर येतात, अडथळा अंगावर येतो, आणि पडदा काळा होतो. त्या धावेत एकही माणूस नाही, रक्त नाही, जळणारं घर नाही. तरी देश तुटणं म्हणजे काय, हे त्या काही क्षणांत शरीराला कळतं. घरी निघालेली ती गाडी कॅमेराच आहे, आणि ती पोचू शकत नाही. फाळणीवरचं याहून मोठं दृश्य मला तरी माहीत नाही.

मे २०२०मध्ये करमाडजवळच्या रुळांचं छायाचित्र वर्तमानपत्रांत आलं तेव्हा मला घटकांचे रूळ आठवले. जालन्याहून भुसावळच्या दिशेने पायी निघालेले मजूर थकून रुळांवर झोपले होते. मालगाडीखाली त्यांतले १६ जण गेले. छायाचित्रात माणूस नव्हता. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्या-पोळ्या होत्या. टाळेबंदीतल्या त्या पायपिटीचं किती तरी चित्रण टीव्हीवर तासन्‌तास चाललं होतं, चालत्या माणसांच्या तोंडापुढे माइक धरले गेले होते. पण महाराष्ट्राच्या मनात रुतून बसली ती ही माणसाविना चौकट. पुढे अनुभव सिन्हांनी 'भीड' (२०२३) कृष्णधवल रंगात काढला आणि त्या पायपिटीचं नातं उघडपणे फाळणीशी जोडलं.

फाळणीचाच आणखी एक सिनेमा याहून वेगळ्या जागी उभा आहे. एम. एस. सथ्यूंच्या 'गर्म हवा'त कॅमेरा जाणाऱ्यांबरोबर जातच नाही. तो आग्र्याच्या फलाटावर थांबतो, जोड्यांचा कारखाना चालवणाऱ्या सलीम मिर्झाबरोबर. एकेक नातेवाईक गाडीत बसून पाकिस्तानला जातो आणि हा निरोप देऊन परत फिरतो. सलीमचं काम करणारे बलराज सहानी स्वतः रावळपिंडीचे, म्हणजे उलट्या दिशेने घर गमावलेले. सीमेपलीकडचं घर गमावलेल्या हिंदू नटाने राहून गेलेल्या मुसलमानाचं दुःख उभं केलं. डबिंग संपवून ते घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी, १३ एप्रिल १९७३ला, वारले. आग्र्यात चित्रीकरणाला विरोध झाला तेव्हा सथ्यूंनी लोकांना चकवण्यासाठी फिल्म न भरलेला कॅमेरा देऊन एक खोटं पथक दुसरीकडे पाठवलं, आणि खरं काम इकडे उरकलं.

आणि त्यातली आजी! हवेली सोडायला नको म्हणून ती अडगळीच्या खोलीत लपून बसते. या कामासाठी सथ्यूंना बदर बेगम सापडल्या. आग्र्यात कोठा चालवणाऱ्या या वृद्ध बाई किशोरवयात सिनेमात काम करायच्या वेडाने मुंबईला पळून गेल्या होत्या आणि निराश होऊन परतल्या होत्या. इतक्या वर्षांनी सिनेमाच त्यांच्या दारात आला. पडद्यावर चेहरा त्यांचा आहे, आवाज दीना पाठक यांचा. मानवी संकटावरच्या सिनेमात पळणारी माणसं सगळेच दाखवतात. हलायला नकार देणारं म्हातारं माणूस किती जणांनी दाखवलंय?

आता भूमध्य समुद्राकडे वळू, कारण कॅमेरा किनाऱ्यावर ठेवायचा की बोटीत, हा झगडा तिथे अगदी उघडा दिसतो. लाम्पेदूसा हे इटलीचं छोटंसं बेट, जेमतेम २० चौरस किलोमीटरचं. इटलीच्या मुख्य भूमीपेक्षा ते आफ्रिकेला जवळ. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच्या किनाऱ्यापाशी बोट उलटून ३६०हून जास्त माणसं बुडाली. जानफ्रांको रोझी हा इरिट्रियात जन्मलेला इटालियन दिग्दर्शक तिथे एक लघुपट करायला म्हणून गेला आणि वर्षभराहून अधिक काळ राहिला. त्यातून 'फायर अ‍ॅट सी' (२०१६) झाला.

या माहितीपटाचा नायक निर्वासित नाही. सामुएले नावाचा, गलोल घेऊन हुंदडणारा, बेटावरचा शाळकरी मुलगा आहे. घरी मावरं शिजतंय, आजी अंथरूण नीट घालतेय, रेडिओवर गाणी लागताहेत. आणि त्याच रात्री तटरक्षक दलाच्या दुसऱ्या रेडिओवर बुडत्या बोटीतली बाई मदत मागतेय, इकडचा माणूस तिला पुन्हा पुन्हा बोट नेमकी कुठे आहे ते विचारतोय. ही दोन जगं सिनेमाभर एकमेकांना भेटत नाहीत. कारण प्रत्यक्षातही ती भेटत नव्हती. बोटी समुद्रातच अडवून माणसं थेट निर्वासित केंद्रात नेली जात. रोझीने खोटी भेट घडवली नाही. सामुएलेचा एक डोळा आळशी आहे, तो कामाला लागावा म्हणून डॉक्टर चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधतो. हे रोझीने रचलेलं नाही, ते घडलं. पण पाहणाऱ्या युरोपाला त्यातून जे कळायचं ते कळलं. दोन्ही जगांना जोडणारा एकच माणूस सिनेमात आहे, तो म्हणजे डॉ. पिएत्रो बार्तोलो. बेटकरांनाही तोच तपासतो आणि किनाऱ्याला लागलेल्या प्रेतांनाही. रोझीचा कॅमेरा किनाऱ्यावर आहे, आणि आपण किनाऱ्यावर आहोत हे तो लपवत नाही. ही त्याची सचोटी.

सात वर्षांनी मात्तेओ गारोने या दुसऱ्या इटालियनाने कॅमेरा उलटा फिरवला. 'इओ कापितानो' (२०२३) डाकारमध्ये सुरू होतो. सेदू आणि मूसा या दोन चुलतभावांना ना युद्धाने हाकललंय ना दुष्काळाने. त्यांना गायचंय, जग पाहायचंय. गारोनेचा हा मोठा धाडसाचा निर्णय. स्वप्न पाहायचा हक्क फक्त पासपोर्टवाल्या तरुणांना असतो का, हा प्रश्न तो न विचारता विचारतो. सहारा, लिबियातले तुरुंग, आणि शेवटी माणसांनी खच्चून भरलेली जुनाट बोट. पोहतासुद्धा न येणाऱ्या सेदूला दलाल सुकाणू धरायला लावतात. सिनेमा बोलतो मुख्यतः वोलोफ भाषेत. युरोपच्या भूमीवर सिनेमा पाऊल ठेवत नाही, शेवटी घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर तेवढं येतं. सेदू सार या पहिल्यांदाच अभिनय करणाऱ्या मुलाला व्हेनिसमध्ये उत्तम नवोदित नटाचा पुरस्कार मिळाला. पडद्यावर आपण ज्याच्यासाठी टाळ्या वाजवतो, त्या बोट हाकणाऱ्या मुलाला इटलीचा कायदा मात्र माणसं पळवणारा दलाल धरून तुरुंगात टाकू शकतो. गारोनेला ज्यांवरून ही कथा सुचली, त्यांतला एक जण असाच गजाआड गेलेला अल्पवयीन मुलगा होता.

आणि मग बोटही उरत नाही. आमल अल्झकूत ही सीरियन कलाकार ऑक्टोबर २०१५मध्ये तुर्कस्तानहून ग्रीसच्या लेस्बोस बेटाकडे निघाली. पाण्यात चालणारा छोटा कॅमेरा तिने मनगटाला बांधला होता. युरोपात वाट पाहणाऱ्या जोडीदाराला हा प्रवास दाखवायचा, एवढाच हेतू. बोट बुडाली. ४०हून अधिक माणसं गेली. आमल पाण्यात तगून राहिली आणि मनगटावरचा कॅमेरा चालूच राहिला. त्यातून तिने आणि खालिद अब्दुलवाहिद यांनी 'पर्पल सी' (२०२०) केला. त्यात क्षितिज नाही, कोण कुठे आहे काही कळत नाही. लखलखीत ऊन, निळंजांभळं पाणी, नारिंगी जॅकेटं, पाय, शिट्ट्या, बुडबुडे. वर तिचा शांत आवाज. बातम्यांत हीच घटना हेलिकॉप्टरमधून टिपक्यांसारखी दिसली असती. इथे आपणच त्यातला एक टिपका असतो.

कधी कधी मात्र कॅमेऱ्याला जागेवर जाताच येत नाही. २०२१ साली बेलारूसच्या राजवटीने सीरिया, अफगाणिस्तान, आफ्रिका इथल्या लोकांना व्हिसा देऊन बोलावलं आणि पोलंडच्या सीमेवरच्या जंगलात ढकललं. पोलंडच्या शिपायांनी त्यांना परत पलीकडे ढकललं. मध्ये अडकलेली माणसं थंडीत मेली. पोलंडने सीमेलगतच्या पट्ट्यात पत्रकारांना आणि मदत संस्थांना बंदी केली. कॅमेरा बंद झाला की कथापटाचं काम सुरू होतं. आग्नेष्का होलांद या पोलिश दिग्दर्शिकेने माहिती गोळा करून, पोशाखी रंग टाळून, कृष्णधवल 'ग्रीन बॉर्डर' (२०२३) काढला. व्हेनिसने त्याला विशेष ज्युरी पुरस्कार दिला. पोलंडच्या न्यायमंत्र्याने त्याची तुलना नाझी प्रचारपटांशी केली, आणि सिनेमाआधी सरकारची बाजू मांडणारी चित्रफीत दाखवा असं फर्मान निघालं. सिनेमाच्या अखेरीस होलांद २०२२ साल दाखवतात. तेच सीमारक्षक युक्रेनमधून येणाऱ्यांची पोरं उचलून घेताहेत, सामान वाहताहेत. माणसं तीच, सीमाही त्याच देशाची. दिशा बदलली आणि वागणूक बदलली.

मराठी वाचकाला हे पाहताना कोल्हापूर आठवायला हवं. सोव्हिएत राजवटीने सैबेरिया-कझाकस्तानात हाकललेले सुमारे ५,००० पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले. वॉर्सामध्ये या कोल्हापूरच्या आसऱ्याचं स्मारक आहे. अनु राधा यांच्या 'अ लिटल पोलंड इन इंडिया' (२०१३) या माहितीपटात भारतात वाढलेल्या पोलिश मुलांच्या आठवणी आहेत. पोलिश लोक गेले आणि त्याच छावणीच्या जागी फाळणीत सिंध सोडून आलेले लोक आले. आजचं गांधीनगर ते. एकाच जागेत दोन खंडांतले निर्वासित एकामागून एक नांदले. कथापटाला याहून समृद्ध काय हवं?

आता या प्रवासातला सर्वांत अवघड टप्पा. हसन फाझिली हे अफगाण दिग्दर्शक. तालिबानने जिवावर बक्षीस लावलं म्हणून पत्नी फातिमा आणि दोन लहान मुलींना घेऊन त्यांनी देश सोडला. इराण, तुर्कस्तान, बल्गेरिया, सर्बिया अशी कित्येक महिन्यांची फरफट या कुटुंबाने तीन मोबाइल फोनांवर चित्रित केली. 'मिडनाइट ट्रॅव्हलर' (२०१९) तो हाच. यात छळ आहे तसा कंटाळाही आहे, नवरा-बायकोची कुरबुर आहे, मुलीचा मनसोक्त नाच आहे. बाहेरच्या कोणत्याही कॅमेऱ्याला निर्वासिताचा कंटाळा दिसला नसता.

एके दिवशी धाकटी झाहरा दिसेनाशी होते. सगळे तिला शोधू लागतात. फाझिली सांगतात, की त्या धावपळीत क्षणभर त्यांच्या मनात आलं, हे चित्रित करावं, सिनेमातला हा सर्वांत प्रभावी प्रसंग होईल. पुढच्याच क्षणी त्यांना स्वतःची किळस आली. त्यांनी कॅमेरा उचलला नाही. मुलगी सापडली. पडद्यावर तो शोध नाही, त्याविषयी बोलणारा बापाचा आवाज तेवढा आहे. दुसऱ्याचं दुःख टिपणाऱ्या प्रत्येक दिग्दर्शकाला जो प्रश्न पडायला हवा, तो इथे दिग्दर्शकाला स्वतःच्या पोटच्या पोरीबाबत पडला. मानवी संकट आणि सिनेमा यांच्या नात्यावर इतकं खरं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही.

कॅमेरा खाली ठेवूनही सिनेमा होतो, हे 'फ्ली'ने (२०२१) दाखवलं. डेन्मार्कच्या योनास पोहेर रासमुसेन यांचा एक शाळेपासूनचा मित्र मूळचा अफगाणिस्तानचा, किशोरवयात डेन्मार्कमध्ये एकटा आलेला. सिनेमात त्याला अमीन म्हटलंय. खरं नाव आणि चेहरा गुप्त राहावा म्हणून सगळी गोष्ट अ‍ॅनिमेशनमध्ये सांगितली आहे. दलालांच्या सांगण्यावरून, आपलं सगळं कुटुंब मारलं गेलंय, असं अमीनने अधिकाऱ्यांना सांगितलं होतं. ते खोटं त्याने वीसेक वर्षं उरात बाळगलं. रासमुसेन यांनी रेडिओत काम केलेलं. त्यांनी मित्राला आडवं पडायला, डोळे मिटायला सांगितलं आणि आठवणी वर्तमानकाळात बोलायला लावल्या. 'होतं' नाही, 'आहे'. खोलीत काय दिसतंय, वास कसला येतोय, अंगात कपडे कोणते आहेत. जिथे आठवण पुसट होते, तिथे चित्रंही नुसत्या कोळशाच्या रेघा होतात. पुसट आठवण ठळक करून दाखवायचा खोटेपणा इथे नाही. उत्तम माहितीपट, उत्तम अ‍ॅनिमेशनपट आणि उत्तम परभाषी चित्रपट अशा तिन्ही विभागांत एकदम ऑस्करचं नामांकन मिळवणारा हा पहिला सिनेमा.

त्यात बाल्टिक समुद्रातला एक प्रसंग आहे. गळक्या बोटीतल्या माणसांना एक प्रचंड मोठं प्रवासी जहाज दिसतं. सुटलो म्हणून सगळे हात हलवू लागतात. वरून सहलीला आलेले लोक कठड्याशी गोळा होतात आणि यांचे फोटो काढतात. जहाजावरून पोलिसांना कळवलं जातं, आणि बोटीतल्यांची रवानगी एस्टोनियात कैदेत होते. त्या वेळी अमीनला भीतीपेक्षाही लाज वाटली होती. कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूला असणं म्हणजे काय, ते हे.

हे सगळं सांगायचं एक कारण आपल्या अगदी जवळचं आहे. उल्हासनगर, पिंपरी, गांधीनगर इथे १९४७-४८ साली सिंधमधून आलेल्यांपैकी ज्यांना तो प्रवास आठवतो, ती माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. फाझिलींकडे जे यंत्र होतं ते आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि रासमुसेन यांची पद्धत कोणालाही जमण्यासारखी आहे. ओळखीचं असं कोणी असेल तर आधी त्यांची परवानगी घ्या, त्यांना निवांत बसवा, डोळे मिटू द्या, वर्तमानकाळात बोलू द्या. त्यांनी थांबा म्हटलं की रेकॉर्डिंग थांबवा. पण पुढच्या सुटीची वाट पाहू नका.